गाडी चालवताना मोबाईल: कायद्यात कसं राहायचं आणि चलन आलं तर काय करायचं

हेल्मेटमध्ये कानाशी फोन खोचून बोलत जाणारा दुचाकीस्वार महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकात दिसतो. हात मोकळे आहेत म्हणजे आपण कायद्यात बसतो, अशी त्याची समजूत असते. ती अर्धीच बरोबर आहे आणि उरलेली अर्धी महागात पडू शकते. म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

आधी कलम समजून घ्या

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८४ धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी त्यात फोनचं नाव नव्हतं. १ सप्टेंबर २०१९ पासून मात्र लाल सिग्नल तोडणं आणि उलट दिशेने गाडी घालणं यांच्याच यादीत ‘हातात धरलेलं संपर्क साधन’ वापरणंही आलं. या यादीतली कुठलीही गोष्ट केली की ती लोकांना धोकादायक ठरते, असं कलमच सांगतं. त्यामुळे ‘रस्ता रिकामा होता, कोणाला काही झालं नाही’ हा बचाव फारसा टिकत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ साली तिथल्या पोलीस कायद्याखाली, नुसतं फोनवर बोलणं हा आपोआप गुन्हा होत नाही, असं म्हटलं होतं. पण तो निकाल या दुरुस्तीच्या आधीचा आणि वेगळ्या कायद्याखालचा आहे. पोलिसाशी वाद घालताना त्याचा दाखला देऊ नका.

कलमात ‘बोलणं’ नाही, ‘वापरणं’ आहे. मेसेज वाचणं, गाणं बदलणं, रील बघणं, पुढच्या गाडीचा फोटो काढणं हे सगळं त्यात येतं. सिग्नलला थांबलेल्यांसाठी कलमात वेगळी सवलत लिहिलेली नाही. तेव्हा लाल दिव्याचे ९० सेकंद म्हणजे व्हॉट्सॲपची वेळ, असं धरून चालू नका.

आता तो हेल्मेटवाला. फोन हातात नाही हे खरं, पण याच यादीत शेवटी एक सर्वसाधारण कलम आहे: सावध आणि जाणकार चालकाकडून जी अपेक्षा असते, तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाचं चालवणं. मान खांद्याकडे वाकवून, आरसा न बघता चालवणारा त्यात सहज सापडतो. ब्लूटूथवर बोलणाऱ्याने भान हरपून गाडी चालवली तर तोही. हातात फोन नसला की पहिली अडचण टळते, पण बाकीची जबाबदारी चालकावरच राहते.

नकाशा लावायचा तर असा लावा

ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनी रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला मोकळीक दिली आहे. अट अशी की चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये आणि वापर फक्त रस्ता शोधण्यासाठीच असावा.

ही अट पाळायची तर निघण्यापूर्वी, गाडी उभी असताना, ठिकाण टाका आणि आवाज सुरू करा. चारचाकीत फोन डॅशबोर्डच्या होल्डरमध्ये ठेवा, काचेतून दिसणारा रस्ता झाकेल अशा जागी नको. दुचाकीवर हँडलचा होल्डर घट्ट आहे का ते हलवून बघा. खड्ड्यात निसटलेला फोन पकडायला हात आपसूक जातो आणि तिथेच घात होतो. रस्ता चुकला तर चालत्या गाडीत दुरुस्त करत बसू नका. नकाशा स्वतःच नवा रस्ता काढतो, फार तर पुढच्या वळणावरून फिरून यावं लागेल. शेजारी कोणी बसलं असेल तर फोन सरळ त्याच्या हातात द्या.

फोनच्या सेटिंगमध्ये गाडी चालवताना सूचना बंद ठेवण्याची सोय असते. बऱ्याच फोनमध्ये ‘गाडी चालवतोय, नंतर बोलतो’ असा मेसेजही आपोआप जातो. ती एकदाच लावून टाका. घरच्यांना सांगा की दोनदा फोन उचलला नाही तर घाबरू नका. आपल्याकडे निम्मे फोन ‘कुठे पोहोचलास?’ हे विचारायला येतात आणि उचलला नाही की सलग पाच वेळा येतात.

फोन घ्यावाच लागला तर

डावीकडे या, सुरक्षित जागी थांबा, मग उचला. मुंबई–पुणे एक्सप्रेसवेवर मात्र कडेच्या पट्ट्यात बोलायला थांबू नका. ती जागा बिघडलेल्या गाड्यांसाठी आहे आणि तिथे उभ्या गाडीवर मागून ट्रक आदळण्याचा धोका असतो. फूड मॉल येईपर्यंत धीर धरा. अपघात दिसला आणि ११२ ला कळवायचं असेल तरी आधी गाडी बाजूला घ्या. तातडीच्या कॉलसाठी चालत्या गाडीत फोन हातात धरायला या कलमात सूट दिलेली नाही.

पोलिसाने थांबवलं तर

लायसन्स दाखवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत कायद्याने चालते. कलम १८४ च्या गुन्ह्यात पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. तसं केलं तर तात्पुरती पोच द्यावीच लागते, पण लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही. पोच मागून घ्या आणि जपून ठेवा. तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर पहिल्या गुन्ह्यात तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवता येतं, पुन्हा सापडलात तर लायसन्स रद्दही होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना, मोबाईल वापरणाऱ्यांची लायसन्सं किमान तीन महिने निलंबित करा, असं कळवलं होतं.

पहिल्या गुन्ह्याचा दंड कायद्यात १,००० ते ५,००० रुपये आहे, सहा महिने ते एक वर्ष कैदेचीही तरतूद आहे. जागेवर तडजोडीत, म्हणजे खटला न चालवता दंड भरून प्रकरण मिटवताना, किती भरायचे ते राज्य ठरवतं, म्हणून चलनावर छापलेला आकडाच खरा माना. तीन वर्षांत पुन्हा तसाच गुन्हा झाला तर दंड १०,००० रुपये, कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही.

इथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. दंड भरला की विषय मिटला, असं वाटतं. पण २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की तडजोडीने मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून धरला जाईल. पाचशे-हजार वाचवायला हुज्जत घालण्यापेक्षा ही नोंद आपल्या नावावर खरंच योग्य लागली आहे का, हे पाहणं जास्त महत्त्वाचं आहे.

आणि हो, कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड आहे, कलम २१०-ब. माहीत असलेलं बरं, पण चौकात सुनावायला जाऊ नका.

ई-चलन आलं तर

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांत फोन हातात धरणंही येतं. चलन चुकीचं वाटत असेल तर:

१. मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) व्हॉट्सॲपवर आली तर ती उघडूही नका, पैसे लुबाडायचा तो सापळा आहे. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ई-चलन संकेतस्थळ, महाट्रॅफिक ॲप किंवा केंद्राचं परिवहन संकेतस्थळ स्वतः उघडा आणि गाडीचा नंबर टाकून बघा. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं.

२. फोटो मोठा करून बघा. नंबर तुमचाच आहे का, तारीख-वेळ-ठिकाण जुळतं का, हातात खरोखर फोन आहे का? कान खाजवणारा हात फोटोत फोन धरल्यासारखा दिसू शकतो.

३. तारखा तपासा. कॅमेऱ्यावरून काढलेल्या चलनाची नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत निघायला हवी, आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत पुरावा जपून ठेवायला हवा, असं केंद्रीय नियम १६७-अ म्हणतो. राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना खासगी मोबाईलवर असे फोटो काढू नका, असंही बजावलं आहे.

४. गाडी दुसऱ्याने चालवली असेल तर लगेच कळवा. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यावर चालकाचं नाव, पत्ता, लायसन्सची माहिती देणं मालकाचं कर्तव्य आहे. भावाला, भाच्याला, ड्रायव्हरला गाडी देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

५. तक्रार त्याच संकेतस्थळावर किंवा ॲपवर नोंदवा, पुरावा जोडा, पोचेचा स्क्रीनशॉट ठेवा. तिथे दाद लागली नाही तर न्यायालय आहे. राष्ट्रीय लोकअदालतीत चलनं तडजोडीने निघतात, पण तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. गुन्हा केलाच नसेल तर लोकअदालतीत जाऊन कमी रक्कम भरण्यापेक्षा न्यायालयात म्हणणं मांडा.

अपघात झालाच तर

मग हे चलनाचं प्रकरण राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद सांगतं. अपघाताच्या वेळी तुम्ही कॉलवर होतात का, हे कॉलच्या नोंदींवरून तपासता येतं. जखमींना मदत करा, ११२ ला कळवा, घटनास्थळ सोडू नका आणि फोनमधलं काहीही पुसू नका. वकिलाशी बोलण्यापूर्वी कोणत्याही कागदावर न वाचता सही करू नका.