टीव्हीवर अडखळणारा गेम असा सुरळीत झाला
स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल, टीव्हीला जोडला की गेम अडखळायचा, बटण दाबल्यावर उडी उशिरा पडायची. हातात मात्र तोच गेम झकास चालायचा. दोन रात्री मी गेमच्याच सेटिंग्ज खालीवर करत बसलो, उपयोग शून्य. दोष डेक आणि टीव्ही जोडणाऱ्या मधल्या स्वस्त हबचा निघाला. त्याचा पोर्ट एचडीएमआय १.४ या जुन्या प्रकारचा, ४के (खूप बारकाव्याचं) चित्र त्यातून सेकंदाला ३० फ्रेमच्या वर जात नाही. म्हणून डेकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८०पी (४केपेक्षा कमी बारकाव्याचं चित्र), ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० फ्रेम) निवडलं. टीव्हीचा गेम मोडही चालू केला, म्हणजे चित्र सजवण्यात जाणारा वेळ वाचतो. फरक लगेच जाणवला! तसाही डेकचा स्वतःचा स्क्रीन १२८० बाय ८०० चा, मोठे गेम ४केमध्ये त्याला झेपत नाहीत. दिवाणखान्यासाठी वेगळा कन्सोल घ्यायचा विचार मी आता सोडलाय.