मेनोर्कात बीच निवडताना आधी वारा बघा

स्पेनच्या मेनोर्का बेटावर जाणार असाल, तर कुठल्या दिवशी कुठला बीच हे घरूनच पक्कं करू नका. रोज सकाळी वाऱ्याची दिशा बघा, मग निघा. इथे उत्तरेकडून त्रामुंताना नावाचा जोरदार वारा सुटतो. तेव्हा उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात, उडणारी वाळू पोटऱ्यांना टोचते. त्याच वेळी दक्षिणेला, चुनखडीच्या कड्यांआडच्या तुरुकेता, मित्जाना अशा लहान खाड्यांत पाणी बरंच शांत असतं. वारा दक्षिणेचा असला की उलट करा. उत्तरेचा कावायेरिया गाठा. तिथली तांबूस वाळू आणि मागचा उघडा डोंगर मला तरी दक्षिणेच्या पांढऱ्या वाळूपेक्षा जास्त आवडतो. बेटाच्या दोन टोकांची शहरं, माओ ते सिउतादेया, हे अंतर जेमतेम 45 किलोमीटर, त्यामुळे ऐनवेळी बेत बदलणं जड जात नाही.

लहान मुलं किंवा आईबाबा सोबत असतील तर सोन बोऊ बरा. लांबलचक वाळू, आणि खडकाळ पायवाट तुडवावी लागत नाही. माकारेया बीचला मात्र उन्हाळ्यात खासगी गाडी नेता येत नाही, सिउतादेयाहून बस घ्यावी लागते. तिकीट आधीच काढा.

काठावर वाळलेल्या तपकिरी पट्ट्यांचा ढीग दिसला तर घाण समजून माघारी फिरू नका. ते पोसिडोनिया, समुद्रातलं गवत. पाणी नितळ राहतं त्यात त्याचा मोठा वाटा आहे, आणि हाच ढीग हिवाळी लाटांपासून वाळू वाचवतो.