कुमानोच्या डोंगरवाटेवर जाताना

कुमानो हा जपानच्या कीइ द्वीपकल्पाचा दक्षिण भाग. इथे डोंगर थेट समुद्रात उतरतात, म्हणून ओसाकाहून कुरोशिओ या जलद गाडीने निघताना उजवीकडची खिडकी मागून घ्यावी. सुमारे चार तासांत कीइ-कात्सुउरा हे ट्यूना माशांचे बंदर येते. तिथे मुक्काम करून सकाळी बसने दाइमोनझाकाला उतरावे. उंच सुरूसारख्या देवदारांमधून चढणाऱ्या या दगडी पायऱ्यांवर शेवाळ असते आणि हा प्रदेश जपानमधील अतिशय पावसाचा असल्याने घट्ट पकडीचे बूट अत्यावश्यक आहेत. वर नाची देवस्थान आणि १३३ मीटरचा धबधबा आहे. २००४ पासून हा परिसर जागतिक वारशात गणला जातो.

शिदोरीसाठी मेहारी-झुशी घ्यावी. मोहरीच्या जातीच्या ताकाना भाजीच्या खारवलेल्या रुंद पानात भाताचा गोळा गुंडाळलेला असतो. पान ओलसर, किंचित तिखट लागते आणि भाताला त्याचाच खारटपणा पुरतो. जंगलात राबणाऱ्यांचे हे जेवण मला तिथल्या कोणत्याही मेजवानीपेक्षा प्रिय आहे. शाकाहारी प्रवाशांनी मात्र आधी विचारावे, कारण सूप आणि भाज्यांच्या रश्शातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो.