नीरो, सोलकढी आणि मानकुराद: गोव्याच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

मार्च लागला की सत्तरी, काणकोण, पेडणे अशा सगळ्या बाजूंनी काजूच्या बागांचा वास यायला लागतो, आणि त्याच सुमाराला माझा फोन वाजायला लागतो. "नीरो आंबला", "सोलकढी फाटली", "मानकुराद आंबा वरून पिवळा आणि आतून आंबटढोण". दरवर्षी प्रश्न तेच आणि उत्तरंही तीच, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी नीरो. झाडावरून पिकून पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करतात, बिया काढतात आणि दगडी कुंडीत तुडवतात. पहिला निघणारा रस आंबवायला जातो, त्याचीच पुढे हुर्राक (पहिल्या धारेची हलकी दारू) आणि फेणी होते. उरलेल्या चोथ्याचा ढीग करून नुडीच्या वेलीने बांधतात, वर जड दगड ठेवतात. त्या दाबाने जो स्वच्छ रस थेंब थेंब गळतो, तो नीरो. तो काढला त्याच सकाळी, काढला त्याच जागी प्यायचा. लोक नेमकं हेच विसरतात.

माझ्या मावसबहिणीचे जावई पुण्याहून आले होते. सकाळी वाळपईच्या वाटेवर नीरो प्यायले. इतका आवडला की पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या गळ्यापर्यंत भरून घेतल्या, झाकणं घट्ट पिळली आणि गाडीच्या डिकीत ठेवल्या. मग मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथली देवळं, दुपारचं जेवण, आणि गाडी सगळा वेळ उन्हात. संध्याकाळी आमच्या ओसरीवर बाटली उघडली तर फस्सकन फेस उसळून छतापर्यंत गेला. उरलेला रस ताडीसारखा वास मारत होता. जावईबापू चिडून म्हणाले, "मावशी, त्या माणसाने आपल्याला शिळा माल दिला."

त्या माणसाने शिळा माल मुळीच दिला नव्हता. बोंडूच्या सालीवर जंगली यीस्ट असतंच. रसात साखर आहे, वर मे महिन्याची उष्णता. मग यीस्ट साखर खाऊन दारू आणि वायू तयार करणारच. डिकीत ते काम झपाट्याने होतं, आणि घट्ट झाकणामुळे वायूला वाटच राहत नाही. पहाटेपासून राबणाऱ्या बागाईतदाराला आपल्या घाईचा दोष द्यायचा, याचा मला खरोखर राग येतो.

घरी न्यायचाच असेल तर माझी पद्धत अशी: स्टीलचा डबा, तो बर्फाच्या पेटीत, झाकण सैल. सकाळी घेतला तर दुपारच्या जेवणाआधी संपवायचा. चिमूटभर मीठ चालतं, साखर नको. आणि बर्फ पेटीतच राहू दे. मासळीवर घालतात तो बर्फ ग्लासात घालून पिणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

दुसरं दुखणं सोलकढीचं. तिच्यावर इतके अत्याचार होतात की लिहिताना हात थांबत नाही. कोणी गॅसवर ठेवून उकळी आणतात, मग नारळाचा रस फाटला म्हणून रडतात. सोलांचा (सुकवलेल्या कोकमांचा) आंबटपणा आणि आच एकत्र आली की रस फाटणारच. कोणी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) ओततात, सवयीने वर चमचाभर मीठ टाकतात आणि कढी तोंडात धरवत नाही. आगळात आधीच भरपूर मीठ असतं, सोलांनाही लावलेलं असतं. म्हणून मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. रंग येत नाही म्हणून बीट किसून घालण्याची नवी टूम निघाली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. सोलकढीचा रंग फिकट गुलाबीच असतो. भडक लाल दिसली तर काहीतरी जास्त झालंय असं समजा.

एका मुंजीत आचाऱ्याने सकाळी सातलाच पातेलंभर कढी करून मांडवात झाकून ठेवली. पंगत बसली दीडला. तोवर वर पांढरा थर, खाली लालसर पाणी आणि नाकाला आंबूस वास. यजमान वहिनींचा चेहरा पाहवत नव्हता. मग आम्ही बायकांनी घरात होती ती सोलं भिजवली आणि नारळ न घालता फुटी कढी केली: सोलांचं पाणी, ठेचलेली मिरची, हिंग, कोथिंबीर. पाहुणे तीच मागून मागून प्यायले.

मी घरी सोलांचं पाणी आणि नारळाचा रस शेवटपर्यंत वेगळे ठेवते. एका नारळाला आठ-दहा सोलं, कोमट पाण्यात अर्धा तास. खोबरं, लसणाच्या तीन-चार पाकळ्या आणि एक हिरवी मिरची एकत्र वाटून रस काढायचा, तो पूर्ण गार असला पाहिजे. पानं मांडली की दोन्ही एकत्र. फ्रीजमध्ये ठेवलीत तर खोबऱ्याची चरबी घट्ट होऊन वर कण तरंगतात. ती खराब झालेली नसते. थोडा वेळ बाहेर ठेवून ढवळा.

मानकुरादची घाई तर विचारू नका. हंगामाच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारात जो सगळ्यात आधी पिवळाधमक दिसतो, तोच लोक डझनाच्या चढ्या भावाने उचलतात. कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण रंगावर भुलणारं गिऱ्हाईक असेपर्यंत तो धंदा थांबायचा नाही. रंग बघू नका, देठापाशी वास घ्या. वास नाही तर आंबा नाही. सालीवरचे बारीक काळे ठिपके पाहून नाक मुरडू नका, पावसाच्या सरी पडून गेल्या की ते येतात आणि आतला गर बहुधा चांगलाच असतो. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवलात तर तो नीट पिकत नाही, आधी गवतात पिकू द्या. देठ मोडून चीक वाहून जाऊ द्या, मग अर्धा तास पाण्यात. ओठाला फोड येतात ते बहुतेक या चिकानेच.

बाकीच्या चुका थोडक्यात. फणस चिरताना सुरीला आणि हाताला तेल न लावणं. रसाळ फणसाचे गरे कापत बसणं, ते हातानेच काढायचे असतात. भिणांचं (ताज्या कोकमांचं) सरबत ॲल्युमिनियमच्या भांड्यात मुरवणं, त्या आंबटाने भांडं खाल्लं जातं, काचेची बरणी घ्या. उकड्या तांदळाची पेज गाळून नुसतं पाणी पिणं, तो तर तांदळाचा अपमान आहे.

चेपणीच्या तोरांवर, म्हणजे मिठात मुरवायच्या कैऱ्यांवर, मात्र दोन शब्द जास्त. जमिनीवर पडलेली तोरं स्वस्त मिळतात म्हणून लोक तीच मिठात घालतात आणि पावसाळ्यात बरणी उघडली की मऊ लगदा निघतो. आपटलेल्या तोराला आतून मार बसलेला असतो, वरून दिसत नाही. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढलेली, देठ असलेली, कडक तोरंच घ्या. पुसून कोरडी करा, जाड मीठ घाला, वर वजन ठेवा, आणि बरणीत ओला हात घालू नका. घरात कोणाला राहवत नसेल तर त्याच्यासाठी वेगळी छोटी बरणी भरा. मोठीला आषाढाआधी हात लागू देऊ नका.

हुर्राक पिणाऱ्यांसाठी एवढंच: लिंबू-सोडा आणि मिठाबरोबर ती सरबतासारखी घशाखाली उतरते, म्हणून भर दुपारी उन्हात, उपाशी पोटी पिऊ नका. गाडीची चावी आधीच दुसऱ्या कोणाच्या हातात द्या.