जुनी डिझेल पिकअप घेताना इंजिन कसे पारखावे

जुनी पिकअप घ्यायला निघालेला माणूस बहुधा दोनच प्रश्न विचारतो: कोणत्या कंपनीची चांगली, आणि मीटरवर किती किलोमीटर असावेत. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण नुसत्या त्यांच्या उत्तरांवर गाडी घेऊ नये. एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात बाहेर पडलेल्या दोन गाड्यांपैकी एक आठ वर्षांनंतरही पहिल्या सेल्फला सुरू होते, तर दुसरीचे इंजिन तोवर दोनदा उघडून झालेले असते. गाडीने कोणते काम केले, ऑईल वेळेवर बदलले गेले की नाही आणि इंजिन तापल्यावर चालकाने गाडी बाजूला घेतली की तशीच दामटली, यावर हा फरक ठरतो. म्हणून मॉडेलांविषयी येथे थोडक्यात सांगून, समोर उभे असलेले इंजिन कसे तपासावे यावरच अधिक लिहिले आहे.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात सव्वा ते पावणेदोन टनांच्या वर्गात प्रामुख्याने महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची २०७ व तिच्यानंतरची योद्धा आणि अशोक लेलँडची दोस्त या गाड्या मिळतात. इसुझूची डी-मॅक्स त्या मानाने कमी दिसते. बोलेरो पिकअपला २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे, २०७ डीआयला २९५६ सीसीचे, तर २०११ मध्ये बाजारात आलेल्या दोस्तला १४७८ सीसीचे तीन सिलिंडरचे. तीन सिलिंडरचे इंजिन रिकाम्या फेऱ्यांवर, म्हणजे गाडी उभी असताना नुसते चालू ठेवल्यावर, थोडे थरथरतेच, त्यामुळे दोस्त पाहताना त्या थरथरीला दोष समजू नये. आणि चार सिलिंडरचे इंजिन तसे थरथरत असेल तर मात्र ते दुर्लक्षून चालणार नाही.

कंपनीपेक्षा इंधन प्रणालीची पिढी अधिक महत्त्वाची आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष लागू झाले. त्याआधी, २०१० पासून, मुंबई, पुणे आणि सोलापूर या शहरांत बीएस-४ लागू होते आणि राज्याच्या उरलेल्या बहुतेक भागात बीएस-३ चालत होते. परिणामी एकाच वर्षाच्या दोन गाड्यांपैकी एकीत जुना यांत्रिक पंप, तर दुसरीत कॉमन रेल (एका सामाईक नळीतून फार मोठ्या दाबाने सर्व सिलिंडरांना डिझेल पुरवणारी, संगणकाने चालणारी प्रणाली, बीएस-४ मध्ये बहुधा हीच) असू शकते, आणि केवळ वर्ष ऐकून अंदाज बांधणाऱ्याची फसगत होते. नोंदणी प्रमाणपत्रावरील निकषाची नोंद आणि बोनेटखालची प्रत्यक्ष मांडणी दोन्ही पाहावीत. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला तालुक्याच्या गावातला फिटरही हात लावू शकतो, विजेच्या जोडण्यांची त्यात फारशी गुंतागुंत नसते, आणि भेसळीचे डिझेल ते काही काळ सोसते. कॉमन रेल इंजिन कमी धूर सोडते, ओढीला चांगले असते व डिझेल कमी पिते. पण त्यातला दाब हजार बारच्याही पुढे जातो, त्यामुळे डिझेलमधले पाणी किंवा बारीक कचरा त्याच्या इंजेक्टरांना, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांना, लवकर निकामी करतो. बीएस-६ मध्ये या सर्वांवर धूर गाळणाऱ्या फिल्टरची आणि अनेक सेन्सरांची भर पडते. माझे मत असे की आज घेणाऱ्याने, जवळपास कॉमन रेलचे काम जाणणारा मेकॅनिक असेल तर, एका हाताची बीएस-४ गाडी शोधावी. यांत्रिक पंपाच्या गाड्या दणकट खऱ्या, पण आता त्यांचे वयच इतके झाले आहे की इंजिन टिकले तरी बाकीची गाडी टिकेलच असे नाही.

गाडी पाहण्याआधी तिचे पूर्वीचे काम विचारावे. नाशिकहून वाशीच्या बाजारात रात्री भाजी नेणारी पिकअप दोन लाख किलोमीटर चालली असली, तरी तिचे इंजिन बराच वेळ योग्य तापमानावर आणि एकसारख्या फेऱ्यांवर चाललेले असते. याउलट पहाटे गावोगाव थांबत दूध गोळा करणारी गाडी नव्वद हजारांतच थकू शकते, कारण इंजिन पुरते गरम होण्याआधीच ते पुन्हा पुन्हा बंद केले जाते, आणि सेल्फ, क्लच व पिस्टन-रिंगा या तिन्हींची झीज होते. वाळू, विटा किंवा खडी वाहिलेली गाडी शक्यतो सोडून द्यावी. स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतलेले दिसले की समजावे की तिच्यावर क्षमतेहून अधिक माल चढत होता. मीटरचा आकडा फिरवता येतो, पण फास्टॅगच्या खात्यावर टोलच्या नोंदी राहतात, त्यामुळे विकणाऱ्याला त्या मोबाइलवर दाखवायला सांगावे. ज्याला लपवायचे काही नसते तो त्या दाखवतो.

पुरात बुडालेल्या गाड्यांबद्दल वेगळी सावधगिरी हवी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या, आणि अशा गाड्या धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाणे अशक्य नाही. इंजिन चालू असताना हवेच्या वाटेने पाणी आत गेले, तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड कधी कधी गाडी चालूही ठेवतो, पण त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबण्याची ताकद, कमी राहते आणि पुढे केव्हातरी इंजिन फुटते. सीटमागच्या खाचांत, हेडलाइटच्या आत आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांत वाळलेला गाळ दिसतो का ते टॉर्च लावून पाहावे. दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत निर्बंध घातले गेल्याने तिकडून ना-हरकत दाखला घेऊन आलेल्या गाड्याही बाजारात भेटतात; त्या वाईटच असतात असे नाही, पण त्यांची किंमत तशी कमी असायला हवी.

आता मुख्य तपासणी. इंजिन थंड असताना सुरू करणे ही सर्वांत खरी परीक्षा आहे, आणि नेमकी तीच टाळण्याचा विकणाऱ्याचा प्रयत्न असतो. “तुम्ही येणार म्हणून आधीच गाडी काढून ठेवली,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मी सकाळी सहाची वेळ सांगतो आणि साडेपाचला पोहोचतो. बोनेट उघडून इंजिनाच्या झाकणाला हात लावावा. ते कोमट असेल तर आदराने निरोप घेऊन दुसऱ्या दिवशी यावे. थंड असेल तर सुरू करण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी मोजण्याची पट्टी, काढावी. डिझेल इंजिनाचे ऑईल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते, त्यामुळे काळे ऑईल दोष नव्हे. मधासारखे स्वच्छ आणि जाड ऑईल मात्र विचार करायला लावते, कारण इंजिनाचा आवाज दाबण्यासाठी जाड ऑईल घालून गाडी दाखवणे ही जुनी युक्ती आहे. ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळलेले आहे, म्हणजे हेड (सिलिंडरांवरचे झाकण), त्याखालचे गॅस्केट किंवा ऑईल कूलर गेलेला आहे. ऑईलची पातळी खुणेच्या वर गेलेली असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल खाली उतरत आहे, व अशा पातळ ऑईलवर बेअरिंगा फार काळ तग धरत नाहीत. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून पाहावे. आत गंजाचे लाल पाणी असेल तर कूलंटऐवजी नळाचे पाणी भरत होते, आणि वर तेलाचा तवंग असेल तर पुढचे पाहण्याची गरज नाही.

नंतर चावी फिरवावी, पण लगेच सेल्फ मारू नये. ऑईलचा आणि इंजिनाचा दिवा लागला पाहिजे. तो लागतच नसेल तर बल्ब किंवा वायर काढलेली आहे, आणि ती का काढली असेल हे सांगायला नको. सेल्फ मारल्यावर गाडी एक-दोन वळणांत सुरू व्हावी. पहिला धूर कुणीतरी मागे उभे राहून पाहावा. थंडीच्या दिवसांत किंचित पांढरा धूर येऊन मिनिटभरात नाहीसा झाला तर हरकत नाही. तो टिकून राहिला आणि डोळ्यांना झोंबणाऱ्या डिझेलचा वास आला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन कमजोर आहे. इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल तर ते कूलंट जळते आहे. निळा धूर म्हणजे ऑईल जळणे. गाडी पाच-सात मिनिटे रिकामी चालू ठेवून एकदम रेस केल्यावरच निळा झोत येत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलांकडे बोट जाते, आणि ओढीवर सतत येत असेल तर रिंगा, लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) किंवा टर्बोकडे (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा). काळ्या धुराचा एखादा झोत यांत्रिक पंपाच्या गाडीत चालतो. कॉमन रेलच्या गाडीत तो सतत दिसला तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोची नळी तपासावी लागते.

इंजिन गरम झाल्यावर बॅक कॉम्प्रेशन पाहावे, कारण इंजिन आतून किती झिजले आहे याचा एवढा स्वस्त अंदाज दुसरा नाही. ऑईल भरण्याचे झाकण सैल करून उलटे त्याच तोंडावर ठेवावे. ते थोडे नाचले तर चालते, पण ते उडून पडत असेल आणि तोंडातून आगगाडीसारखा धूर फेकला जात असेल तर जळालेला वायू रिंगांतून खाली उतरतो आहे. शंका राहिली तर कॉम्प्रेशन गेज लावून घ्यावे. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे एखाद्या मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे असते, आणि एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर सौदा थांबवावा. कॉमन रेलच्या गाडीसाठी डिझेल लॅबमधून, म्हणजे पंप-इंजेक्टरांचे काम करणाऱ्या गॅरेजमधून, इंजेक्टरांची लीक-बॅक चाचणी करून घ्यावी. प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत जमा होते, आणि ज्याची बाटली लवकर भरते तो इंजेक्टर झिजलेला असतो. या दोन चाचण्यांचा खर्च नंतरच्या दुरुस्तीपुढे किरकोळ असतो. जुन्या यांत्रिक इंजिनात फिटर एकेका नळीचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधतात. कॉमन रेलवर हे कुणालाही करू देऊ नये, कारण त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते.

रस्त्यावरची चाचणी रिकाम्या गाडीवर घेतली तर ती घेतल्यासारखी नसते. हौद्यात टनभर माल टाकून एखादी चढण चढावी. नाशिक, मुंबई किंवा कोकणाकडे राहणाऱ्याला घाट शोधावा लागत नाही. इतरांनी लांब उड्डाणपूल निवडावा. तापमानाचा काटा मधल्या खुणेवर स्थिर राहतो की चढणीवर वर सरकतो, गाडी मधेच ताकद सोडते का, टर्बोची शिटी वाढत जाऊन किंचाळते का, हे पाहावे. चढण संपल्यावर गाडी उभी करून रिकाम्या फेऱ्यांवर ठेवावी. गरम इंजिनाच्या या क्षणी ऑईलचा दिवा लुकलुकला तर बेअरिंगा झिजलेल्या आहेत, आणि खालून येणारा जड, ठोकल्यासारखा आवाज हीच गोष्ट सांगतो. इंटरकूलरची (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीची) नळी काढून आत ऑईल साचले आहे का पाहावे. ओलसरपणा चालतो, थेंब गळायला नकोत.

बीएस-६ गाडीला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र, लावल्याशिवाय पैसे देऊ नयेत. साठवलेले दोष पाहावेत, आणि ते आदल्याच दिवशी पुसलेले आहेत का हेही मेकॅनिकला विचारावे. धुराचा फिल्टर काजळी जाळण्यासाठी अतिशय गरम व्हावा लागतो, आणि गावातल्या गावात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ते कधी पूर्ण होत नाही. काही जण हा फिल्टर आतून कापून टाकतात. अशी गाडी पासिंगच्या वेळी अडते, आणि नवा फिल्टर बसवण्याचा भुर्दंड तुमच्यावर येतो. तुमचा स्वतःचा व्यवसायच छोट्या फेऱ्यांचा असेल तर बीएस-६ पिकअपचा मोह आवरलेला बरा.

कागदांवरचा इंजिन क्रमांक स्वतः इंजिनाच्या ब्लॉकवर वाचून ताडून पाहावा. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद आरटीओत नसेल तर हस्तांतर अडकते. कर्ज असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५, हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, चालू विमा, थकीत ई-चलान आणि पासिंगची मुदत पाहावी; आठ वर्षांनंतर व्यावसायिक गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते. “इंजिन नवीन केले आहे” असे कोणी सांगितले तर पिस्टन, रिंगा, लायनर व बेअरिंगांची बिले आणि काम केलेल्या गॅरेजचे नाव मागावे, आणि तेथे जाऊन त्या फिटरशी बोलावे. नुसत्या रिंगा बदलून इंजिन बांधले असेल तर त्याला नवीन म्हणत नाहीत.

दोष आढळलेल्या गाडीला नेहमी नकारच द्यावा असेही नाही. एखादा इंजेक्टर गेलेला असेल आणि बाकी सगळे ठीक असेल, तर दुरुस्तीचा अंदाज घेऊन तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्यावी. ऑईल-पाणी एकत्र झालेले, बेअरिंगा वाजणारे किंवा पुराचे इंजिन मात्र कोणत्याही किमतीत घेऊ नये, कारण तेथे खर्च कुठे थांबेल ते उघडल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

सौदा झाल्यावर पहिल्याच दिवशी ऑईल, ऑईल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदलावे, व काढलेले ऑईल पातळ कापडातून गाळून त्यात धातूचे चमकणारे कण आहेत का ते पाहावे. त्यानंतरचे पाचशे किलोमीटर दर सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना, डिपस्टिक पुसून पातळी वहीत लिहावी.