शूज कुठले घेऊ आणि धावणं टिकवू कसं

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते, ऑफिसातलं कुणीतरी गळ्यात मेडल घालून फोटो टाकतं, आणि पुढच्या आठवड्यात निम्म्या मित्रमंडळींचा एकच प्रश्न, अरे शूज कुठले घेऊ? मग जो तो आपापला ब्रँड सांगतो. मी ब्रँड सांगणार नाही, घ्यायचे कसे ते सांगतो, कारण माझं स्पष्ट मत आहे की नव्या माणसाचं धावणं आळसामुळे कमी आणि दुखण्यामुळे जास्त सुटतं. नडगी ठणकते, गुडघा कुरकुरतो, अंगठ्याचं नख काळं पडतं, मग दोन दिवस सुट्टी, मग आठवडा, आणि मग ते शूज भाजी आणायला वापरले जातात.

तर आधी दुकान. संध्याकाळी जा, दिवसभराच्या चालण्या-उभं राहण्याने पाय थोडे सुजलेले असतात आणि धावतानाही ते तसेच फुगतात, म्हणजे सकाळी अकराला फिट बसलेला शूज पाचव्या किलोमीटरला चावायला लागू शकतो. धावताना जे मोजे घालणार तेच घालून जा. दोन्ही पायांत घाला, नुसता उजवा घालून आरशात बघू नका, बऱ्याच जणांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जरासा मोठा असतो आणि माप घ्यायचं ते मोठ्या पायाचं. आता उभे राहा (बसून नाही!) आणि सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा राहते का ते दाबून बघा. सगळ्यात लांब म्हणजे पायाचा अंगठाच असेल असं नाही, काहींचं शेजारचं बोट लांब असतं. बहुतेकांना ऑफिसच्या बुटापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. पुढे जागा नसेल तर उतारावर बोटं आपटत राहतात आणि नखं काळी पडतात ती त्यामुळेच.

नंबरवर फार विसंबू नका. एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीत साडेआठ निघतो, शिवाय आपल्याकडे यूकेचा नंबर चालतो आणि ऑनलाईन कधी यूएसचा लिहिलेला असतो, मग चुकीचा माल घरी. त्यापेक्षा शूजच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या लेबलवर सेंटीमीटरमधला आकडा असतो तो लक्षात ठेवा, तुलना करायला तोच बरा पडतो.

लांबी सगळे बघतात, रुंदी कुणीच बघत नाही. लहानपणापासून चपलेत नाहीतर अनवाणी वावरलेल्यांचे चवडे पसरट असतात आणि बरेचसे शूज पुढे निमुळते. करंगळी बाहेरच्या बाजूला घासतेय असं वाटलं की नंबर वाढवत बसू नका, वाइड मिळतंय का विचारा, पुरुषांच्या वाइड शूजच्या बॉक्सवर टू-ई (2E) असं लिहिलेलं असतं. नंबर वाढवून रुंदी मिळवली की टाच मागे सटकायला लागते.

टाच जराशीच सटकत असेल तर मात्र लेसने जमतं. वरच्या टोकाला घोट्यापाशी एक जास्तीचं भोक असतं, जे बहुतेक लोक आयुष्यभर वापरत नाहीत. लेस बाहेरून आत त्याच बाजूच्या त्या भोकात घाला म्हणजे तिथे छोटा फास तयार होतो, दोन्ही बाजूंना असं करा, मग डावी लेस उजव्या फासातून आणि उजवी डाव्यातून ओढून घ्या आणि खालच्या दिशेने ताणून गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते आणि पुढचा चवडा मोकळाच राहतो. फुकटातला इलाज आहे, दुकानातच करून बघा.

मग पळा. लाजू नका राव, दुकानात नाहीतर बाहेर पॅसेजमध्ये दोन-तीन फेऱ्या हळू पळून बघा, डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात तर कुणी बघतही नाही. "आत्ता थोडा टाईट वाटेल, वापरून वापरून सैल होईल" असं सेल्समन म्हणाला की समजून जा. चामड्याच्या बुटाचं ते खरं असेल, रनिंग शूजचं नाही. पहिल्या मिनिटाला जिथे टोचतं तिथेच पुढे फोड येतो.

आता तो पायाच्या कमानीचा विषय, ओला पाय कागदावर उमटवा, सपाट असेल तर अमुक शूज, कमान उंच असेल तर तमुक. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं, पण अमेरिकन सैन्यात नवीन भरती झालेल्यांना कमान बघून शूज वाटले तरी दुखापती काही कमी झाल्या नाहीत, हे अभ्यासात दिसलंय. कॅलगरी विद्यापीठातले बेनो निग, ज्यांनी आयुष्यभर धावण्याचाच अभ्यास केला, त्यांनी २०१५ मध्ये मांडलं की माणसाने आपल्या पायाला जो सगळ्यात आरामदायी वाटतो तो शूज घ्यावा, बाकी शरीर सांभाळून घेतं. वैज्ञानिक जगात यावर अजून वाद आहे पण नव्या माणसाने तेवढंच धरून चालावं असं मला वाटतं. टाचदुखी किंवा जुनी दुखापत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे फिजिओला विचारा, सेल्समनला नाही.

कार्बन प्लेटवाले (तळात कार्बनची पातळ कडक पट्टी घातलेले) महागडे शूज? केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगेने २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं तेव्हा त्याच्या पायात तसलेच होते, मान्य. पण ते त्याच्या वेगासाठी बनवलेत, आपण सोसायटीला फेऱ्या मारतोय. साधे, बऱ्यापैकी फोम असलेले रोजच्या धावण्याचे शूज पुरे, आणि पैसे वाचवायचे असतील तर गेल्या वर्षीचं मॉडेल शोधा, नवीन आलं की जुन्यावर चांगली सूट लागते आणि बऱ्याचदा फरक रंगापलीकडे फारसा नसतो. फक्त फर्स्ट कॉपीच्या नादाला लागू नका, वरून हुबेहूब दिसेल, पण खालचा फोम कसला आहे देव जाणे.

इथे कुणीतरी म्हणणारच की बारामतीच्या लता करे नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्याही. अगदी खरं, पण त्या हौसेने नाही, नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी धावल्या होत्या. आणि १९६० ला रोममध्ये अनवाणी ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकलेला इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६४ ला टोकियोत बूट घालूनही जिंकलाच की. तळवे वर्षानुवर्षं तयार असतील तर अनवाणी ठीक, एसीत बसणाऱ्याने एकदम डांबरी रस्त्यावर प्रयोग करू नये.

मोजे सुती नकोत, घाम पितात आणि ओले राहतात, मग फोड. पॉलिस्टर-नायलॉनचे घ्या.

शूज झाले, आता रोज उठायचं कसं. इथे लोक मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघतात आणि रात्री एक वाजता झोपतात, मग साडेपाचचा अलार्म कोण ऐकणार! पण त्याहून मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी जीव तोडून पळणं. आपण आरंभशूर, शाळेतल्या शंभर मीटरची सवय, शिट्टी वाजली की सुसाट. पाच मिनिटांत धाप, पोटरीत गोळा, आणि मेंदूत कायमची नोंद होते की धावणं म्हणजे छळ. हळू पळा, इतकं हळू की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, एकटे असाल तर स्वतःशी बडबडा. शेजारून कुणी काका भरभर चालत पुढे गेले तर जाऊ देत. सुरुवातीला एक मिनिट पळणं दोन मिनिटं चालणं, असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीनच दिवस आणि मध्ये एक दिवस रिकामा. दर आठवड्याला पळण्याचा भाग थोडा वाढवत नेला की साधारण दोन-अडीच महिन्यांत बऱ्याच जणांना पाच किलोमीटर न थांबता जमतं. दम लवकर वाढतो पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला वेळ घेतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जेव्हा "अरे जमतंय की" वाटतं नेमकं तेव्हाच अंतर एकदम वाढवायचं नाही. नडगी दुखते ती याच टप्प्यावर.

आणि मूडवर काही ठेवू नका, मूड कधीच नसतो. कपडे, मोजे, किल्ली रात्रीच काढून ठेवा. सोबत कुणी असेल तर उत्तम, गेटपाशी माणूस उभा आहे म्हटलं की लाजेकाजेस्तव तरी उठतोच आपण, त्यासमोर कुठलंही ॲप फिकं. एखाद्या दिवशी अगदीच जीवावर आलं तर शूज घालून दहा मिनिटं फक्त चालून या आणि परत फिरा, तेही धरायचं. स्ट्राव्हा ॲपवर धावण्याची नोंद ठेवा पण दुसऱ्यांचे पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) बघून जळू नका, तो माणूस कदाचित दहा वर्षं पळतोय.

पावसाळ्यात सगळ्यांचं सुटतं. रिमझिम असेल तर बिनधास्त जा, फक्त शेवाळलेले पेव्हर ब्लॉक आणि झेब्रा क्रॉसिंगचा रंगवलेला पट्टा टाळा, दोन्ही प्रचंड निसरडे होतात. घरी आल्यावर आतला सोल बाहेर काढा, शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवले की बहुतेक वेळा सकाळपर्यंत वाळतात. हीटर किंवा कडक उन्हात नको, चिकटवलेलं सुटतं. कुत्री मागे लागली तर पळायचं नाही, थांबून चालायला लागायचं.

एखादी रेस नोंदवून टाका, पैसे भरले की अंग आपोआप हलतं. पहिली पाच नाहीतर दहा किलोमीटरची, आणि सपाट. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन ऐकून लोक एकदम एकवीस किलोमीटरला नाव देतात, तिथे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तेवढंच परत उतरायचं असतं, उताराला मांड्यांचं काय होतं ते दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

रेससाठी नवे शूज घेणार असाल तर महिनाभर आधी घ्या आणि त्यात बऱ्यापैकी पळून घ्या. जुने कधी बदलायचे? साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला तळाचा फोम दबून बसतो. आठवड्याला वीस किलोमीटर धरले तर सहा ते नऊ महिने. वरून शूज नवाकोरा दिसत असतो, तो धुऊन रोजच्या वापराला काढा, कारण नसताना गुडघे कुरकुरायला लागले की आधी किती किलोमीटर झालेत तेवढं बघा.