चांगला ड्रायव्हर टिकवायचाय? मग शाबासकी आणि बक्षीस असं द्या

ज्यांच्याकडे दोन-चार छोटा हत्ती, पिकअप किंवा कुरिअरच्या व्हॅन आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. ड्रायव्हर सकाळी गाडी काढतो तिथून रात्री चावी परत देईपर्यंत तो आपल्याला दिसतच नाही, कळतं ते फक्त काय बिघडलं ते, माल फुटला, पार्टी ओरडली, चलान आलं. जो नीट काम करतो त्याच्याबद्दल कुणाचा फोनच येत नाही आणि मग वर्षानुवर्षं त्याला कुणी शाबास म्हणत नाही. हे बदलायचं असेल तर आधी बघायची सवय लावा.

एक वही करा, प्रत्येकाला एक पान. सही-शिक्क्याची पावती त्याच दिवशी परत आली का, डॅमेज किती, सकाळी निघायच्या आधी टायरची हवा-ऑइल-पाणी बघतो का, ताडपत्री नीट बांधतो का, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. आणि गोडाऊनवाल्याला, हमालांना विचारा की कोणाची गाडी आली की तुम्हाला बरं वाटतं, ते लोक अगदी खरं सांगतात. डिझेलचा अ‍ॅव्हरेज लावणार असाल तर एकाच रूटच्या, एकाच गाडीच्या माणसांचा लावा, कारण एक जण चाकणहून एक्सप्रेसवेनं भिवंडीला जातो आणि दुसरा दिवसभर लक्ष्मी रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर असतो, या दोघांची तुलना म्हणजे अन्यायच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेगाला बक्षीस देऊ नका. जास्त डिलिव्हरी मारल्या त्याला जास्त पैसे, असं ठेवलं की माणूस जेवण सोडतो, लघवी दाबून धरतो, राँग साइडने घुसतो आणि एक दिवस नको ते होतं. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास ही मर्यादा मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांच्या कायद्यात 1961 सालीच घातली होती, त्यामुळे कोणी रोज 14 तास गाडीवर असेल तर त्याचं कौतुक नंतर, आधी त्याचा एक रूट कमी करा.

बक्षिसाच्या आधी त्याचं देणं चुकतं करा. भत्ता, टोल, पार्किंग, वाराई म्हणजे माल चढवायची-उतरवायची हमाली, जे त्याने खिशातून भरलं ते त्याच दिवशी फोनवरून पाठवा. नो एंट्रीत जा असं आपणच सांगितलं असेल तर ते चलान आपलं, पगारातून कापायचं नाही. बोनसचंही तसंच, 20 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी किमान 8.33 टक्के बोनस कायद्याने बसतो, तो त्याचा हक्क आहे, तो देऊन "बघ तुला बक्षीस दिलं" म्हणू नका हो.

मग द्यायचं काय? रोख. लगेच. आणि कशासाठी ते स्पष्ट सांगून. "छान काम करतोस" याने काही होत नाही, "काल पावसात घाटात थांबून ताडपत्री परत आवळलीस म्हणून पार्टीचा एक खोका भिजला नाही" हे चार जणांसमोर म्हणा, मग त्याला कळतं की मालकाचं लक्ष आहे. खंडेनवमीला-दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतातच, तेव्हा नारळ आपण न फोडता जो ती गाडी चालवतो त्याच्या हातून फोडा आणि पाकीट तिथेच द्या. वयाने मोठा असेल तर दादा, मामा अशी हाक मारा, याला तर पैसेही पडत नाहीत.

पैशांशिवायही बरंच करता येतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे, 18 ते 70 वयाला चालते, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं कव्हर. जीवन ज्योती ही आयुर्विम्याची योजना वर्षाला 436 रुपयांत होते, त्यात 18 ते 50 वयात नाव घालता येतं. दोन्हीचे पैसे तुम्ही द्या आणि बँकेत जाऊन वारसाचं नाव लागलंय का ते त्याच्यासोबत बघा, तेवढंच राहून जातं. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या, नंबर निघाला तर चष्म्याचा खर्च तुमचा, रात्री समोरचा लाइट डोळ्यावर आला की काय होतं हे त्यालाच माहीत असतं. रात्रीची लांब ट्रिप झाली की दुसऱ्या दिवशी पगारी सुट्टी. जूनमध्ये पोरांच्या शाळेचा खर्च येतो तेव्हा बिनव्याजी उचल.

घरी कुरिअर घेणाऱ्यांनीही एवढं करा: पाणी विचारा, सोसायटीची लिफ्ट आणि वॉचमनचं टॉयलेट त्यांना वापरू द्या, आणि चांगला अनुभव आला तर अ‍ॅपवर नुसते स्टार न देता दोन ओळी लिहा.

महिन्याचा एकच बेस्ट ड्रायव्हर निवडू नका, चार जणांत एक जिंकला की तिघं नाराज होतात. त्यापेक्षा एक रेषा ठरवा, म्हणजे महिनाभर डॅमेज नाही, अपघात नाही, पावत्या वेळेवर, आणि जो जो ती पार करेल त्या प्रत्येकाला सारखी रक्कम. आणि चांगला माणूस कधी सोडून गेलाच तर अडवू नका, हिशोब त्याच दिवशी पूर्ण करा आणि लेटरहेडवर किती वर्षं, कुठल्या गाडीवर, अपघाताशिवाय चालवली ते लिहून द्या, नवीन ठिकाणी पगार ठरवताना त्याला ते कामी येतं.